बैल गेल्यावर झोपा

जुलै २०२४ मध्ये रायपूरच्या अनुपम नगर या सुस्थित वसाहतीत एका घरी सामान पोहोचवायला गेलेल्या कामगारावर त्या घरच्या पिटबुल कुत्र्यांनी हल्ला केला. जीव वाचवण्यासाठी तो जवळ उभ्या असलेल्या मोटारीवर चढला. त्याच्या हातापायांना जखमा झाल्या. कोणीतरी टिपलेले ते दृश्य बघता बघता देशभर पोहोचले, मालकावर गुन्हा नोंदवला गेला आणि पुढचे काही दिवस सारी चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली : ही जात पाळू द्यावी की नाही? त्या घराचे फाटक कसे होते, त्याला कडी होती का, बाहेरचा माणूस दारात आला तेव्हा कुत्री कोठे असायला हवी होती आणि ती तेथे का नव्हती, हे प्रश्न फारसे ऐकू आले नाहीत.

तसे पाहिले तर अशा बहुतेक घटनांच्या मुळाशी एक दार असते. जानेवारी २०२३ मध्ये हैदराबादेत खाद्यपदार्थ पोहोचवायला गेलेल्या तरुणाच्या अंगावर ग्राहकाच्या घरातला जर्मन शेफर्ड धावून आला. बचावासाठी त्या तरुणाने तिसऱ्या मजल्यावरून उडी घेतली आणि काही दिवसांनी रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. मे २०२४ मध्ये चेन्नईच्या नुंगमबाक्कम भागातील महापालिकेच्या उद्यानात दोन मोकळ्या रॉटवायलर कुत्र्यांनी पाच वर्षांच्या मुलीला गंभीर जखमी केले. ती त्याच उद्यानाच्या रखवालदाराची मुलगी होती. जाती निरनिराळ्या, शहरेही निरनिराळी. समान आहे ती एवढीच गोष्ट, की प्राण्याला आवरणारा अडसर त्या क्षणी जागेवर नव्हता. जखमी झालेल्यांची सामाजिक स्थितीही पाहण्यासारखी आहे. कुत्रा पाळणाऱ्याच्या दारात दिवसभर जे जातात, ते सामान पोहोचवणारे, घरकाम करणाऱ्या बाया, वीजमीटर वाचणारे, टपालवाले आणि त्यांची मुले असतात. फाटकाची कडी हा म्हणूनच केवळ घरगुती शिस्तीचा विषय राहत नाही.

मराठीत ‘बैल गेला आणि झोपा केला’ अशी म्हण आहे. झोपा म्हणजे गोठ्याचे झापड. पाळीव कुत्र्यांविषयीचे आपले धोरण तंतोतंत या म्हणीसारखे आहे. अनर्थ घडला की आपण आदेश काढतो, आणि तो आदेशही झापडाविषयी नसतो, बैलाच्या वंशाविषयी असतो.

केंद्रीय पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना पाठवलेले पत्र याचे ठळक उदाहरण आहे. २३ जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास व विक्री थांबवावी, नवे परवाने देऊ नयेत आणि आधीपासून पाळलेल्या अशा कुत्र्यांचे निर्बीजीकरण करावे, असे त्यात म्हटले होते. महिनाभरातच कर्नाटक उच्च न्यायालयाने आणि त्यापाठोपाठ दिल्ली उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द ठरवले. संबंधितांचे म्हणणे न ऐकता असा निर्णय घेता येणार नाही, हे त्यामागचे प्रमुख कारण होते. मग केंद्राने मे महिन्यात नागरिकांकडून हरकती व सूचना मागवल्या. म्हणजे अनुपम नगरची घटना घडली, तेव्हा बंदी होती म्हणावी तर नव्हती, आणि नव्हती म्हणावी तर ती येणार की नाही हेही कोणाला सांगता येत नव्हते. या अवधीत एकाही फाटकाला नवी कडी बसली नाही.

ब्रिटनचा अनुभव आपल्यापेक्षा जुना आहे. तेथे १९९१ च्या धोकादायक कुत्र्यांविषयीच्या कायद्याने चार प्रकारच्या कुत्र्यांवर बंदी घातली. तीन दशकांनंतर, २०२३ अखेरीस, त्या यादीत ‘एक्सएल बुली’ या पाचव्या प्रकाराची भर घालावी लागली. याचा अर्थ उघड आहे. एक जात बंद केली की पैदास करणारे दुसरी तयार करतात. त्याच कायद्याचे तिसरे कलम मात्र जातीविषयी काही बोलत नाही. कोणत्याही जातीचा कुत्रा धोकादायकरीत्या ताब्याबाहेर गेला, तर मालक दोषी, असे ते सांगते. धोरण म्हणून हाच विचार अधिक टिकाऊ आहे. प्रश्न कुत्रा कोणता हा नसून तो कोणाच्या ताब्यात आहे, हा आहे.

आपल्याकडेही असा कायदा नाही असे नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या २८९ व्या कलमाने प्राण्याबाबत हयगय करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम २९१ या क्रमांकाने आले आणि दंडाची मर्यादा पाच हजार झाली. या कलमाचे शब्द नीट वाचले, तर त्यात दुखापत व्हावीच लागते असे नाही. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर इजेचा संभाव्य धोका टाळण्यास पुरेशी खबरदारी न घेणे, हाच अपराध आहे. उघडे राहिलेले फाटक या व्याख्येत बसू शकते. प्रत्यक्षात मात्र हे कलम लागते ते रक्त सांडल्यावर. त्याआधी शेजाऱ्याने तक्रार केली, तर ठाण्यात त्याची समजूत काढली जाते, आणि महापालिकेत त्याला कोणत्या खिडकीवर जायचे हेच कळत नाही.

उरलेले नियम विखुरलेले आहेत. २०१७ च्या कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयीच्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही, आणि विकण्यापूर्वी त्याला ओळखीची मायक्रोचिप बसवावी लागते. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव प्राण्याच्या लसीकरणाची जबाबदारी मालकावर टाकली आहे. महाराष्ट्रात महापालिकांच्या ऐच्छिक करांच्या यादीत कुत्र्यांवरील कर कधीपासून आहे. परंतु एखादा पाळीव कुत्रा रात्री नऊ वाजता भिंतीवरून उडी मारून रस्त्यावर आला, तर त्याला कोणी धरायचे, कोठे ठेवायचे, किती दिवस ठेवायचे, मालकाला कसे कळवायचे आणि खर्च कोणी भरायचा, या साध्या प्रश्नांचे सलग उत्तर यांपैकी कोणताही नियम देत नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाला याचे नवल वाटते, कारण नेमक्या याच प्रश्नांची उत्तरे आपल्या राज्ययंत्रणेने दीडशे वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहेत. फक्त ती कुत्र्यासाठी लिहिलेली नाहीत. १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा म्हणजे आपल्या ओळखीचा कोंडवाडा. छत्तीसगढात त्याला कांजी हौस म्हणतात. त्या काळी नागपूर आणि रायपूर एकाच मध्य प्रांतात होते आणि १९५६ पर्यंत एकाच राज्यव्यवस्थेत राहिले, त्यामुळे कोंडवाड्याचा वारसा दोघांचा सामाईक आहे. या कायद्याची रचना पाहण्यासारखी आहे. पिकात शिरलेले जनावर शेतकऱ्याने धरावे आणि चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोहोचवावे. कोंडवाड्याच्या रखवालदाराने जनावरांची संख्या व वर्णन, आणल्याचा दिवस व वेळ, आणणाऱ्याचे नाव आणि माहीत असल्यास मालकाचे नाव वहीत लिहावे. मालक आला, तर दंड व चाऱ्याचा खर्च घेऊन जनावर परत द्यावे. सात दिवसांत कोणी आले नाही, तर पोलीस ठाण्याला कळवावे, ठाण्यात सूचना लावावी आणि जवळच्या गावात व बाजारात दवंडी पिटवावी. आणखी सात दिवस वाट पाहून मगच लिलाव करावा.

या कायद्यातील ‘गुरे’ या शब्दाची व्याख्या लांबलचक आहे. तीत हत्ती आहे, उंट आहे, घोडा, खेचर, गाढव, डुक्कर, मेंढी, शेळी, करडू आहे. कुत्रा नाही. कारण सरळ होते. कायदा पीक वाचवण्यासाठी होता, आणि कुत्रा पीक खात नाही. पण त्यामागचे तत्त्व पिकापुरते नव्हते. जनावराला मालक आहे हे तो कायदा गृहीत धरतो. जनावर सुटणे ही घडू शकणारी गोष्ट आहे, हेही तो मान्य करतो. मालकाला नोटीस आणि मुदत देतो, जनावराला चारापाणी देतो आणि नुकसान सोसणाऱ्याला स्वतः काठी उगारण्याऐवजी नेऊन देण्याची एक जागा देतो. मामलेदार कचेरीत काम केलेल्या कोणालाही ठाऊक आहे, की कोंडवाड्याचा सर्वांत मोठा उपयोग दंडाच्या रकमेत नव्हता. दोन शेजाऱ्यांतली मारामारी त्याने टळत असे.

छत्तीसगढच्या लोकव्यवहारात याहूनही जुनी एक रीत आहे, ‘रोका-छेका’. आषाढात, खरिपाच्या पेरणीच्या सुमारास गावाने एकत्र बसायचे आणि अमुक दिवसापासून कोणाचेही जनावर मोकळे सुटणार नाही, असे ठरवायचे. २०२० च्या जूनमध्ये तत्कालीन राज्य सरकारने ‘नरवा, गरुवा, घुरवा, बारी’ या कार्यक्रमाला जोडून या रीतीला सरकारी मोहिमेचे रूप दिले. तिच्या यशापयशाचा हिशेब वेगळा. सरकार बदलले, अग्रक्रमही बदलले. परंतु त्या रीतीतले शहाणपण पक्षातीत आहे. धोक्याचा हंगाम ओळखायचा, तो येण्यापूर्वी बसायचे आणि आवरण्याची जबाबदारी एकट्यादुकट्यावर न सोडता साऱ्या गावाने घ्यायची. म्हणजे बैल जाण्यापूर्वी झोपा करायचा.

शहराने यातले काहीच उचलले नाही. गेल्या काही दशकांत रायपूरचा विस्तार पाहिला, तर जुनी बस्ती, बूढापारा, तात्यापारा या भागांतली एकमेकांना चिकटलेली, आतल्या अंगणाची घरे मागे पडली आणि चारी बाजूंनी मोकळी जागा सोडलेली, कमरेएवढ्या आवारभिंतीची, सरकत्या लोखंडी फाटकाची घरे वाढली. जुन्या घरात अंगण आत होते. नव्या घरात ते बाहेर आले आणि रस्ता व कुत्रा यांच्यामध्ये एकच फाटक उरले. दुसरीकडे, त्या फाटकातून दिवसाकाठी जा-ये करणाऱ्यांची संख्या वाढली. पूर्वी टपालवाला आणि दूधवाला येत. आता भाजीपासून औषधापर्यंत सारे दारात येते. प्रत्येक वेळी फाटक उघडते, आणि ते नीट लागले की नाही हे पाहायला नेहमीच कोणी नसते.

कुत्रा का पळतो, याची कारणे गूढ नाहीत. कोणताही पशुवैद्यक ती सांगेल. निर्बीजीकरण न केलेला नर माजावर आलेल्या मादीच्या वासाने भिंत ओलांडतो. दिवसभर एकटा व रिकामा ठेवलेला कुत्रा माती उकरून फाटकाखालून वाट काढतो. सर्वांत मोठे कारण भीती हे आहे. दिवाळीच्या फटाक्यांनी बिथरलेला कुत्रा एरवी जी भिंत चढणार नाही ती चढतो. रायपुरात गणेशविसर्जनाच्या मिरवणुका, धुमाल पथके आणि डीजेच्या भिंती यांचा आवाज इतका वाढला, की उच्च न्यायालयाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्या आवाजाने माणसांची झोप जाते, तशी पाळीव जनावरांची दिशाही जाते. पळालेला कुत्रा हल्लाच करतो असे नाही. बहुतेक वेळा तो घाबरतो, वाहनाखाली येतो, भटक्या कुत्र्यांच्या टोळीत सापडतो किंवा कोणा अनोळखी वस्तीत दगड खातो. आणि ज्याचे लसीकरण चुकले आहे, तो रेबीज घेऊन घरी परतू शकतो.

या कारणांवरचे उपायही महागडे नाहीत. आपोआप मिटणारी स्प्रिंगची बिजागरी, मुलाचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर कडी, फाटकाखालच्या फटीला काँक्रीटचा उंबरा, फाटकापासून चार-पाच हात आत जाळीचे दुसरे दार, आणि सामान ठेवायला फाटकाबाहेर एक पेटी. दुसऱ्या दाराचे महत्त्व विशेष आहे. एक उघडले असता दुसरे मिटलेले असते, एवढ्याच साध्या युक्तीवर प्राणिसंग्रहालयांतले पिंजरे चालतात. ‘कुत्र्यापासून सावधान’ ही पाटी मात्र यांपैकी कशाचीही जागा घेत नाही. ती येणाऱ्याला सावध करते, पण मालकाला जबाबदारीतून मोकळे करत नाही. उलट, आपला कुत्रा धोकादायक आहे हे मालकाला ठाऊक होते, याचा तो लेखी पुरावा ठरू शकतो.

साखळी हेही उत्तर नाही, हे आवर्जून सांगायला हवे. घटना घडली की कुत्रा अष्टौप्रहर बांधून ठेवण्याकडे लोकांचा कल होतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमानुसार जनावराला अवाजवी आखूड वा जड साखळीने अवाजवी काळ बांधणे हा गुन्हा आहे, आणि सतत बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवून न आणणे हाही गुन्हा आहे. या गुन्ह्यांसाठी पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपये दंड आहे. सहा दशकांपूर्वीचा हा दंड आज हास्यास्पद वाटतो, पण तत्त्व बरोबर आहे. शिवाय सदैव बांधलेला कुत्रा अधिक चिडका होतो, आणि साखळी तुटते त्या दिवशी तो अधिक धोकादायक असतो. आवार सुरक्षित करायचे ते कुत्र्याला आवारात मोकळे फिरता यावे म्हणून.

आता या प्रश्नाला राष्ट्रीय संदर्भ आला आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रथम दिल्ली परिसरातील भटक्या कुत्र्यांना निवारागृहांत हलवण्याचा आदेश दिला, त्याच महिन्यात तो सौम्य केला आणि प्रकरणाची व्याप्ती देशभर वाढवली. ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांच्या आवारांतून कुत्री हटवावीत, त्यांना पुन्हा तेथेच सोडू नये आणि या आवारांना कुंपण घालावे, असे सांगितले. या आदेशांच्या गुणदोषांवर मतभेद आहेत आणि राहतील. येथे मुद्दा वेगळा आहे. ज्याच्या गळ्यात पट्टा नाही, अंगात चिप नाही आणि नोंदवहीत नाव नाही, असा सुटलेला पाळीव कुत्रा आणि भटका कुत्रा यांच्यात महापालिकेच्या गाडीवरील माणसाने फरक कसा करायचा? त्याला तो करता येणार नाही.

हा फरक न केल्यास काय होते, हे मुंबईने १८३२ मध्ये अनुभवले आहे. मोकाट कुत्री मारणाऱ्यांना कुत्र्यामागे आठ आणे देण्याची पद्धत होती. त्या वर्षी मोहिमेची मुदत वाढवली गेली आणि बक्षिसाच्या लोभाने लोक घराघरांतली पाळीव कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक महत्त्व आहे. ६ जून १८३२ रोजी, त्यांच्या पवित्र दिवशी, कोट भागात दंगल उसळली. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिले, रसद अडली आणि सैन्य बोलवावे लागले. शेवटी सरकारला आपली पद्धत बदलावी लागली. मोकाट कोण आणि पाळीव कोण हे ठरवण्याचे साधन हाती नसताना राज्ययंत्रणा रस्त्यावर उतरली, तर तिचा धाक वाढत नाही, विश्वास मात्र जातो. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांनी त्यांना दत्तक घेऊन महापालिकेत नोंद करावी, असे म्हटले, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्यावर स्थगिती दिली. त्या वादातही प्रश्न अखेर नोंदवहीपाशीच येऊन थांबत होता.

नोंदवही नसल्याची किंमत पैशांतही मोजता येते. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मोकाट जनावरांमुळे होणाऱ्या इजेची भरपाई देण्याची प्राथमिक जबाबदारी राज्यावर टाकली, आणि कुत्र्याच्या चाव्यासाठी दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान दहा हजार रुपये ठरवले. हा दृष्टिकोन इतरत्र रुजला, तर एक विचित्र स्थिती निर्माण होईल. ज्या कुत्र्याचा मालक सापडत नाही, त्याचे देणे करदात्याच्या माथी येईल. मग मालकाने कुत्र्याची नोंद न करणे हेच त्याच्या फायद्याचे ठरेल. संसदेत सांगितलेल्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाख १७ हजारांहून अधिक घटनांची नोंद झाली. यात पाळीव किती आणि भटके किती, हे कळल्याशिवाय कोणताही खर्च कोठे करावा हे ठरणार नाही. कुत्र्यांमुळे होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवण्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट आपण २०२१ मध्ये जाहीर केले आहे. त्या दृष्टीनेही लस टोचलेला कुत्रा कोणता हे ओळखता येणे ही पहिली पायरी आहे.

तेव्हा करायचे काय? पहिली गोष्ट, नोंदणी आणि लसीकरण एकाच टेबलावर आणावे. जो पशुवैद्यक रेबीजची लस टोचेल त्यानेच चिप बसवावी, गळ्यात क्रमांकाचा बिल्ला द्यावा आणि नोंद महापालिकेच्या वहीत चढवावी. मालकाला दुसऱ्या कचेरीत जावे लागले, की नोंदणी बुडालीच म्हणून समजावे. निर्बीजीकरण केलेल्या कुत्र्याला शुल्क माफ असावे. कॅनडातील कॅल्गरी शहराने नोंदणीला दंडाऐवजी सेवेची जोड दिली. नोंद असलेला कुत्रा भरकटलेला सापडला, तर त्याला घरी पोहोचवले जाते. लोक शुल्क भरतात ते त्या सेवेसाठी.

दुसरी गोष्ट, १८७१ च्या कायद्याच्या धर्तीवर कुत्र्यांसाठी कोंडवाडा हवा. नावाला कोणाची हरकत असेल, तर दुसरे नाव द्यावे. पण वही, वर्णन, सात दिवसांची मुदत, जाहीर सूचना आणि खर्च वसूल करून परत देणे, ही चौकट तशीच ठेवावी. ब्रिटनच्या १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्यातही सापडलेला कुत्रा सात दिवस सांभाळण्याची अशीच तरतूद आहे. दवंडीची जागा आता मोबाइलवरील संदेश घेईल. छायाचित्रासह रोजची यादी जाहीर झाली, तर निम्मे काम नागरिकच करतील.

तिसरी गोष्ट, दंड पायरीपायरीने असावा आणि तो चाव्यापूर्वी सुरू व्हावा. कुत्रा प्रथम मोकळा सापडला, तर समज आणि आवाराची पाहणी. दुसऱ्यांदा दंड आणि ठरावीक मुदतीत फाटक दुरुस्त करण्याची नोटीस. तिसऱ्यांदा कलम २९१. पाच हजारांच्या दंडाने मोठ्या बंगल्याच्या मालकाला फरक पडत नाही, हे खरे आहे. म्हणून जखमी माणसाचा उपचारखर्च आणि बुडालेली मजुरी मालकाकडून वसूल करण्याचा सरळ मार्ग हवा. वाहनासाठी त्रयस्थ व्यक्तीचा विमा आपण सक्तीचा केला आहे. मोठ्या व ताकदवान कुत्र्यांसाठी तसा विमा मागणे गैर ठरणार नाही. सामान पोहोचवणाऱ्या कामगाराला ‘कुत्रा मोकळा आहे, आत येणार नाही’ असे म्हणण्याचा हक्क असावा आणि त्यासाठी त्याची मजुरी कापली जाऊ नये, हेही कंपन्यांना बजावायला हवे.

चौथी गोष्ट, शहरी रोका-छेका. गणेशोत्सव आणि दिवाळी यांच्या पंधरा दिवस आधी प्रभागनिहाय बैठक घ्यावी, फाटके तपासावीत, लशी टोचाव्यात, मिरवणुकीच्या मार्गावरील घरांना आगाऊ सूचना द्यावी आणि त्या रात्री कुत्री घरात आतल्या खोलीत ठेवण्याचे आवाहन करावे. यासाठी नवा कायदा लागत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळून चालणार नाही. ही सारी व्यवस्था बंगलेवाल्यांसाठी आहे. वस्तीतल्या माणसाचे काय? रायपूरच्या किंवा नागपूरच्या कोणत्याही वस्तीत आवारच नसते. तेथे कुत्रा उंबऱ्यावर झोपतो, चार घरची भाकर खातो आणि रात्री गल्ली राखतो. त्याला मालक आहे असे म्हणावे, तर कोणी एक नाही. नाही म्हणावे, तर तो कोणाला गाडीत घालू देणार नाहीत. अशा अर्ध्या मालकीच्या कुत्र्याला बंगल्याचा नियम लावला, तर गरीब मालक दंडाच्या भीतीने नाते नाकारेल आणि एक सांभाळला जाणारा कुत्रा भटका होईल. म्हणून तेथे नोंद गल्लीच्या नावे व्हावी, लस व निर्बीजीकरण सरकारी खर्चाने व्हावे आणि दंडाऐवजी मदत मिळावी. ज्याच्याकडे आवार आहे त्याच्यावर आवाराची जबाबदारी, आणि ज्याच्याकडे नाही त्याच्यावर फक्त लशीची, अशी विभागणी न्याय्य ठरेल. आवार असणे ही सोय आहे, आणि सोयीबरोबर कर्तव्य येते.

दुसरा आक्षेप महापालिकांच्या क्षमतेचा. कचरा उचलता येत नाही, तेथे कुत्र्यांच्या नोंदवह्या कोण ठेवणार? आक्षेप खरा आहे, पण त्याची दिशा चुकीची आहे. भटक्या कुत्र्यांचा प्रश्न प्रचंड आहे आणि त्याला पिढी लागेल. पाळीव कुत्र्यांचा प्रश्न त्यामानाने लहान आहे. मालक ठाऊक आहे, घर ठाऊक आहे, पशुवैद्यकाशी संबंध आहे आणि खर्च उचलण्याची ऐपत बहुतांशी आहे. ज्या यंत्रणेला लहान काम पेलत नाही, तिला मोठे पेलेल ही आशा व्यर्थ आहे. ज्या यंत्रणेने लहान काम करून दाखवले, तिच्या हाती निवारागृहे सोपवायला मात्र लोक कमी कचरतील.

रायपूर नगरपालिकेची स्थापना १८६७ मध्ये झाली, कोंडवाड्याच्या कायद्याआधी चार वर्षे. तेव्हापासून या शहराने तलाव राखण्यापासून नळाच्या पाण्यापर्यंत अनेक जबाबदाऱ्या अंगावर घेतल्या. त्यांतली प्रत्येक सुरुवातीला खाजगी बाब वाटत होती. घरातला कुत्रा हीही आज खाजगी बाब वाटते, आणि तो आवाराच्या आत असेपर्यंत ती खाजगीच राहावी. फाटकाबाहेर पाऊल टाकताच मात्र तो शहराचा प्रश्न होतो, आणि शहराकडे त्याचे उत्तर लिहिलेले असले पाहिजे. येत्या गणेशोत्सवापूर्वी एका प्रभागात जरी नोंदवही, चार पिंजऱ्यांची एक स्वच्छ खोली आणि सात दिवसांचा नियम सुरू झाला, तरी जातींच्या याद्यांवर खर्च झालेल्या दोन वर्षांपेक्षा अधिक काम झालेले असेल.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)